विहारात ऐकलेला धम्म रोजच्या वागण्यात कसा आणावा: टप्पे, क्रम आणि नेहमीच्या चुका

विहारात नियमित येणाऱ्या उपासक-उपासिकांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. "वंदनेला बसले की मन निवांत असते. बाहेर येऊन चपला घालेपर्यंत टिकत नाही." बहुतेक जण यावरून ध्यान कमी पडते आहे असे समजतात आणि ध्यानाची वेळ वाढवतात. महिन्याभराने तक्रार तीच असते, आणि आता तिच्यात थकवाही आलेला असतो.

माझ्या पाहण्यात चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. काही जण विचार बदलायला घेतात आणि वागणे आहे तसेच ठेवतात. काही जण स्वतःला सोडून शेजारी बसलेल्याला सुधारायला लागतात. काही जण पाच शीले, चार ब्रह्मविहार (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा) आणि अष्टांगिक मार्ग हे सगळे एकाच सोमवारी सुरू करतात, आणि गुरुवारी काहीच उरत नाही.

खालचा क्रम असा आहे: आधी पाहणे, मग एक कृती, मग बोलणे, मग सामायिक काम, मग आजारी माणूस, मग दोष ऐकणे आणि सांगणे, आणि शेवटी घर. या सगळ्याला साधारण तीन महिने, म्हणजे एका वर्षावासाइतका (पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तेवढा) काळ द्या. वर्षावासातच सुरुवात झाली तर उत्तम, पण त्यासाठी आषाढ पौर्णिमेची वाट पाहत बसू नका.

## तयारी: तीन गोष्टी हाताशी ठेवा

एक वही. छोटी, खिशात किंवा पिशवीत मावेल अशी. फोनवर लिहिले तरी चालते, पण फोन उघडला की दुसरेच काही वाचत बसण्याची सवय असेल तर कागदच बरा.

एक कल्याणमित्र. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तुमचे ऐकून घेईल असा माणूस. ज्याच्याशी तुमचा वाद चालू आहे तो नको. तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाराही नको. भन्तेंना, म्हणजे विहारातल्या भिक्खूंना, वेळ असेल तर त्यांच्याशी बोला, पण प्रत्येक बारीकसारीक गोष्ट त्यांच्याकडे नेऊ नका. विहारातला एखादा जुना, शांत उपासक या कामाला पुरतो.

पंचशीलाच्या, म्हणजे हिंसा, चोरी, कामविषयक गैरवर्तन, खोटे बोलणे आणि नशा यांपासून दूर राहण्याच्या पाच शीलांच्या, शब्दांचा अर्थ. हे आधी नीट करून घ्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. आपण म्हणतो, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि". यात 'पाणातिपाता' म्हणजे जीवहत्येपासून, 'वेरमणी' म्हणजे दूर राहणे, 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वतःहून घेतो, स्वतःहून घेते. वरून आलेली आज्ञा असे त्या वाक्यात कुठेही नाही. म्हणून पायरीवरून पाय घसरला तर पुन्हा त्याच पायरीवर उभे राहायचे असते. "एकदा खोटे बोललो, आता शील मोडले, पुढच्या पौर्णिमेपर्यंत काय उपयोग" असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. ते शीलाला काचेचे भांडे समजतात. घसरल्याचे लक्षात येईल त्याच क्षणी मनातल्या मनात ते शील पुन्हा घ्या.

> तपासा: पाचही शीले स्वतःच्या साध्या मराठीत सांगता येतात का? प्रत्येकासाठी तुमचा पाय जिथे घसरतो असा एक खरा प्रसंग सांगता येतो का? येत नसेल तर दोन-चार दिवस यावरच घालवा.

## टप्पा १: सात दिवस फक्त पाहा

या आठवड्यात काहीही सुधारायचे नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण उत्साही माणसाला हाच टप्पा सर्वांत जड जातो.

विहारात तीन वेळांवर लक्ष ठेवा: वंदना सुरू होण्याआधीची दहा मिनिटे, सगळे मिळून काम करतात ती वेळ, आणि कार्यक्रम संपल्यावर लोक घोळक्याने उभे राहतात ती वेळ. प्रत्यक्ष वंदनेच्या वेळी आपण सगळेच बरे वागतो, त्यामुळे तिथे फारसे काही सापडत नाही.

घडलेली गोष्ट लिहा, तिच्यावरचा निकाल लिहू नका. "मी फार रागीट आहे" या नोंदीचा काही उपयोग नाही. उपयोगाची नोंद अशी असते: "आसने मांडताना एका ताईंनी मी लावलेली रांग पुन्हा सरळ केली. मी काही बोलले नाही, पण पुढची दोन आसने आपटून टाकली. कान गरम झाले होते."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. राग मनात आला हे कळण्याआधी तो बऱ्याचदा शरीरात कळतो: कान, जबडा, पोट, श्वास. सतिपट्ठान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचे प्रवचन) चित्ताबद्दल जे सांगितले आहे ते एवढेच आहे की द्वेषयुक्त चित्त असेल तर 'हे द्वेषयुक्त चित्त आहे' असे जाणावे, द्वेषरहित असेल तर 'हे द्वेषरहित चित्त आहे' असे जाणावे. त्या ओळींत चित्ताला झोडपायला सांगितलेले नाही.

> खबरदारी: तिसऱ्या दिवसापासून वही दुसऱ्यांच्या दोषांनी भरू लागते. प्रत्येक नोंदीत 'मी' काय केले हे यायलाच हवे. ते नसेल ती नोंद खोडा. वहीत कोणाचेही नाव लिहू नका.

## टप्पा २: एकच कृती निवडा आणि ती तीन वेळा तपासा

सात दिवसांची वही वाचा. सर्वांत मोठी चूक शोधू नका, सर्वांत जास्त वेळा आलेली शोधा. ती शरीराने किंवा वाचेने होणारी असावी, जवळजवळ रोज घडणारी असावी आणि झाली की नाही हे स्पष्ट सांगता येणारी असावी. 'राग सोडणे' ही कृती होत नाही. 'आवाज चढवणे' ही कृती आहे. 'नम्र होणे' धरता येत नाही, पण 'समोरच्याचे वाक्य मध्येच तोडणे' धरता येते.

तपासण्याची रीत मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातल्या अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आहे. भगवान बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहून परीक्षण करण्यासाठी. तसेच कायेने, वाचेने आणि मनाने करायचे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा परीक्षण करून करावे, असे भगवान त्याला सांगतात. हे परीक्षण तीन वेळा करायचे आहे: करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर. प्रश्न तिन्ही वेळा एकच: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते का?

समजा तुमची निवड आहे 'गैरहजर माणसाबद्दल बोलणे'.

1. आधी. घोळक्यात कोणाचे तरी नाव निघाले आणि तुम्हाला काहीतरी आठवले. तोंड उघडण्यापूर्वी एक श्वास घ्या आणि विचारा: तो माणूस इथे उभा असता तर मी हेच, याच शब्दांत बोललो असतो का?
2. चालू असताना. अर्धे वाक्य बोलून झाल्यावर लक्षात आले, तर तिथेच थांबा. "जाऊ दे, हे मी बोलायला नको होते" एवढे म्हटले की पुरे. लोक हा मधला थांबा जवळजवळ नेहमी गाळतात. सुरू केले आहे तर पूर्ण करावे, असे आपल्याला उगीचच वाटते.
3. नंतर. बोलून गेलेच असाल तर ते कल्याणमित्राला सांगा. सुत्तात इथे एक बारकावा आहे. कायेचे किंवा वाचेचे कर्म पीडा देणारे ठरले तर ते शास्त्यासमोर (गुरूसमोर) किंवा सुज्ञ सहब्रह्मचाऱ्यांसमोर (सोबतच्या साधकांसमोर) उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा. पण नुसता वाईट विचार आला असेल तर त्याची लाज आणि किळस वाटून पुढे संयम ठेवावा, एवढेच सांगितले आहे. मनात आलेला प्रत्येक विचार जाऊन त्या व्यक्तीलाच सांगणारे लोक असतात: "काल मला तुमचा खूप मत्सर वाटला होता बरं का." त्याने ऐकणाऱ्याचे मन विनाकारण जड होते.

आणि परीक्षणात कर्म चांगले निघाले तर? तर त्या आनंदात राहावे आणि रात्रंदिवस कुशल धम्मांत (चांगल्या गुणांत) शिकत राहावे, असे तिथेच म्हटले आहे. आपण हा भाग वाचतच नाही. ज्या दिवशी थांबता आले त्या दिवसाचीही नोंद करा.

> तपासा: सुरुवातीला फक्त 'नंतर'च लक्षात येते, आणि हे अगदी स्वाभाविक आहे. दोन-तीन आठवड्यांत निदान काही वेळा 'चालू असताना' लक्षात येऊ लागले की पुढे जा. ते होत नसेल तर इथेच थांबा. पुढचे टप्पे या एका सवयीवर चालतात.

## टप्पा ३: बोलण्याची पाच मापे

विहारातली बहुतेक भांडणे बोलण्यावरून होतात, म्हणून याला वेगळा टप्पा.

अंगुत्तर निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात सुभाषित वाणीची पाच अंगे दिली आहेत: योग्य वेळी बोललेली, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीपूर्ण चित्ताने बोललेली. एखादी महत्त्वाची गोष्ट बोलण्यापूर्वी ही पाच बोटांवर मोजा. चार भरली आणि एक रिकामे राहिले तर थांबा.

सर्वांत जास्त फसवणारे माप 'खरे' हे आहे. "खरे आहे ना? मग बोलणारच" हे वाक्य विहारांमध्ये फार ऐकू येते. अभयराजकुमार सुत्तात तथागत (बुद्ध) काय बोलतात आणि काय बोलत नाहीत हे स्पष्ट केले आहे. जे खोटे किंवा अहिताचे आहे ते ऐकणाऱ्याला कितीही गोड वाटणारे असले तरी ते बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे आहे, पण ऐकायला कडू आहे, ते बोलण्याची वेळ ते जाणतात. आणि जे खरे, हिताचे आणि गोडही आहे त्यालासुद्धा वेळ पाहिली जाते. म्हणजे कौतुकही कधीही, कुठेही करून चालत नाही.

मी स्वतः इथे चुकले आहे. एकदा ध्यान चालू असताना एका मुलाचा फोन वाजला. ध्यान संपताच मी सर्वांसमोर त्याला शिस्तीबद्दल सुनावले. बोलणे खरे होते, हिताचेही होते. वेळ चुकीची होती, शब्द कडक होते आणि माझ्या मनात मैत्री नव्हती, चीड होती. पाचातली तीन मापे रिकामी. तो मुलगा पुन्हा आला नाही. नंतर कळले की त्याच्या घरी कोणीतरी आजारी होते आणि तो फोन त्यासाठी चालू ठेवलेला होता. दारापाशी हळूच विचारले असते तर अर्ध्या मिनिटात सगळे समजले असते.

या टप्प्यात दोन नियम पाळा. विहाराच्या फोनवरच्या समूहात कोणाचीही चूक दाखवायची नाही, कारण तिथे वेळ, मृदुता आणि मैत्री ही तिन्ही मापे भरणे फार कठीण असते. आणि बैठकीत चिडून काही बोलावेसे वाटले तर ते आधी वहीत लिहायचे, पुढचे दोन जण बोलेपर्यंत थांबायचे, मग पाच मापे लावून बोलायचे.

> खबरदारी: मृदू बोलणे म्हणजे गप्प बसणे असा अर्थ काढू नका. त्याबद्दल पुढच्याच टप्प्यात.

## टप्पा ४: सामायिक काम, आणि न बोलण्याची चूक

चूळगोसिंग सुत्तात अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल हे तीन भिक्खू एकत्र कसे राहतात याचे वर्णन आहे. भगवान विचारतात, तुम्ही दूध आणि पाणी मिसळावे तसे, भांडण न करता, एकमेकांकडे प्रेमळ नजरेने पाहत राहता ना? कसे जमते? मग अनुरुद्ध जे सांगतात ते इतके साधे आहे की आपण त्यावरून पुढे निघून जातो. भिक्षेहून जो आधी येतो तो आसने मांडतो, पिण्याचे आणि धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो आसने उचलतो, भांडी आवरतो, भोजनाची जागा झाडतो. पाण्याचे भांडे रिकामे ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला जड जात असेल तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात.

वेळापत्रक नाही, पाळी नाही. ज्याला दिसले त्याचे काम. यातून करायच्या गोष्टी:

1. विहारातली अशी कामे लिहा जी कोणाच्याच नावावर नाहीत. रिकामे पिंप, विस्कटलेल्या चपला, ओल्या जागेवर टाकायचे पायपुसणे, न्हाणीघरातला साबण.
2. त्यातले एक निवडा, शक्यतो कोणाला न दिसणारे.
3. महिनाभर ते करा. कोणाला सांगू नका, फोटो तर अजिबात काढू नका.
4. जड काम असेल तर दुसऱ्याला बोलवा. एकट्याने ओढत राहणे आणि नंतर "सगळे मलाच करावे लागते" म्हणणे ही विहारातली नेहमीची गोष्ट आहे. अनुरुद्धांच्या वर्णनात मदतीला बोलावणे हा व्यवस्थेचाच भाग आहे.

काम करताना हिशेब सुरू झाला, म्हणजे मी किती वेळा भरले आणि तिने किती, तर दुसऱ्या टप्प्याकडे जा आणि त्या हिशेबालाच कृती समजून तीनदा तपासा.

आता एक गोष्ट जी फारशी सांगितली जात नाही. विनयाच्या (भिक्खूंच्या नियमांच्या) महावग्ग या भागात कोसल देशातल्या काही भिक्खूंची हकिगत आहे. वर्षावासात भांडणे होऊ नयेत म्हणून त्यांनी एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले. त्यांची व्यवस्था जवळजवळ हुबेहूब अनुरुद्धांसारखीच होती: आधी आलेला आसने मांडतो, रिकामे भांडे दिसेल तो भरतो, हाताने खुणावतो. पण हे ऐकून भगवानांनी त्यांना दोष दिला. हे पशूंसारखे एकत्र राहणे झाले, असे ते म्हणाले.

व्यवस्था तीच असताना एका ठिकाणी कौतुक आणि दुसऱ्या ठिकाणी दोष का? फरक अनुरुद्धांच्या शेवटच्या वाक्यात आहे: दर पाचव्या रात्री आम्ही रात्रभर बसून धम्मचर्चा करतो. कोसलातल्या भिक्खूंनी बोलणेच बंद केले होते. भांडण होत नाही यालाच त्यांनी एकोपा मानले.

आपल्याकडे हे सतत घडते. दोन कुटुंबांत काही बिनसते, कोणी कोणाला काही विचारत नाही, वंदना शांतपणे पार पडते आणि समिती म्हणते, "आमच्याकडे वाद नाहीत." म्हणून या टप्प्यात मूक कामाबरोबर बोलण्याची ठरलेली वेळही हवीच. आठवड्यातून एकदा, तासभर, गोल बसून, एकच विषय. तिथे वर्गणी, कार्यक्रम आणि मंडप यांवर चर्चा करायची नाही.

दानाबद्दल थोडक्यात: सत्पुरुषाचे दान श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी, मोकळ्या मनाने आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता दिलेले असते, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. कर्ज काढून दिलेले किंवा दुसऱ्याला लाजवण्यासाठी मोठ्या आवाजात जाहीर केलेले दान या शेवटच्या अटीत अडते.

## टप्पा ५: आजारी माणूस

आतापर्यंतचे चार टप्पे खरोखर उतरले की नाही हे इथे कळते.

महावग्गातच प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. भगवान आणि त्यांचे शिष्य आनंद फिरत तिथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते करत नाहीत." भगवानांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचावर निजवले. मग संघाला बोलावून भगवान म्हणाले, "जो माझी शुश्रूषा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची शुश्रूषा करावी."

त्या भिक्खूचे उत्तर नीट वाचा. त्याने कोणाला काही दिले नव्हते, म्हणून तो एकटा पडला होता. आपल्याही विहारात वर्गणी देणारा, कार्यक्रमात पुढे असणारा माणूस आजारी पडला की रांग लागते. मागच्या रांगेत बसणारी, कधी न बोलणारी आजी तीन आठवडे आली नाही हे मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

करायचे ते असे: दर आठवड्याला कोण आले नाही हे एकाने पाहायचे आणि दोन दिवसांत चौकशी करायची. जायचे तर चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सोबत न्यायचे. ते तिथेच दिलेले आहेत: औषध नीट देता येणे, पथ्य-अपथ्य कळणे आणि अपथ्य दूर ठेवणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मल, मूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस न करणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे. धम्मकथा पाचव्या क्रमांकावर आहे. आपण ती पहिली काढतो आणि अंथरुणाची चादर बदलायची राहून जाते.

> खबरदारी: आजाऱ्याला "हे तुझ्या मागच्या कर्माचे फळ" असे कधीही म्हणू नका. संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात सीवक नावाच्या परिव्राजकाच्या प्रश्नावर भगवानांनी वेदनांची कारणे सांगितली आहेत: पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, विषम वागणूक (शरीराची नीट काळजी न घेणे), बाहेरून झालेला आघात, आणि कर्मविपाक (कर्माचे फळ). आठांतले एक. जे काही भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे चुकतात, हे त्यांनी तिथे स्पष्ट म्हटले आहे.

## टप्पा ६: आधी दोष ऐकणे, मग दोष सांगणे

लोक नेमका हाच क्रम उलटा करतात.

कोसलातल्या त्या भिक्खूंना दोष दिल्यावर भगवानांनी पवारणेची रीत घालून दिली. वर्षावास संपताना भिक्खू संघाला विनंती करतो: पाहिलेले, ऐकलेले किंवा शंका आलेले असे माझे काही असेल तर अनुकंपेने मला सांगा, मला दिसले तर मी ते सुधारेन. असे तीनदा. आणि सुरुवात ज्येष्ठ भिक्खू करतो.

हे उपासकांनी आपापसात असे करावे:

1. पौर्णिमेच्या किंवा एखाद्या ठरलेल्या दिवशी पाच-सहा जण बसा. फार मोठा गट नको.
2. वयाने किंवा पदाने सर्वांत मोठे असतील त्यांनी आधी विनंती करावी. अध्यक्षांनी "तुम्ही नवे लोक आधी बोला" म्हटले की हा प्रकार तिथेच संपतो.
3. सांगणाऱ्याने एकच गोष्ट सांगावी, आणि ती पाहिली, ऐकली की नुसती शंका आहे हेही सांगावे. या तिन्हींची सरमिसळ झाली की अफवा तयार होते.
4. ऐकणाऱ्याने त्या दिवशी उत्तर देऊ नये. "ऐकले, पाहतो" एवढेच. स्पष्टीकरण हवेच असेल तर दोन दिवसांनी.

आपल्याला सांगणे लोकांना सोपे जाते की अवघड, हे आधी पाहावे. अनुमान सुत्तात भगवानांचे शिष्य महामोग्गल्लान दुर्वच, म्हणजे ज्याला काही सांगणे अवघड जाते अशा, माणसाची लक्षणे मोजतात. दोष दाखवला की उलट दाखवणाऱ्याचाच दोष काढणे, विषय बदलून भलतीकडे नेणे, राग धरून ठेवणे ही त्यांतली काही. ही यादी स्वतःसमोर धरा. यातले दोन-तीन आपल्यात सापडले तर आणखी महिनाभर फक्त ऐकण्याचीच बाजू करा.

सांगण्याची वेळ आली की किन्ति सुत्तातला विचार उपयोगी पडतो. समोरच्याला थोडा त्रास होईल, मलाही होईल, पण मी त्याला अकुशलातून (वाईटातून) बाहेर काढून कुशलात (चांगल्यात) आणू शकेन का? शकेन असे वाटले तर बोलावे. शक्यच नाही असे दिसले तर उपेक्षेला, म्हणजे मन समतोल ठेवून अलिप्त राहण्याला, कमी लेखू नये. आणि दोन गटांत मतभेद असेल तर प्रत्येक गटातल्या ज्याला समजावणे सोपे आहे त्याच्याशी आधी बोलावे. आपण नेहमी सर्वांत ताठ माणसाशी सुरुवात करतो आणि वाद वाढवतो.

> खबरदारी: छळ, मुलांशी गैरवर्तन, मारहाण, विहाराच्या पैशांची अफरातफर या गोष्टी पवारणेच्या किंवा उपेक्षेच्या कक्षेत येत नाहीत. "खन्ती (सहनशीलता) ठेवा, विहाराचे नाव जाईल" असे म्हणून त्या झाकणे म्हणजे पीडा होऊ देणे आहे. पीडिताला आधी सुरक्षित करा आणि कायद्याकडे जा.

## टप्पा ७: घर आणि कामाची जागा

इतके झाल्यावरच घराकडे वळा. घर सर्वांत जवळचे, पण सर्वांत अवघड. तिथले लोक आपल्याला फार वर्षांपासून ओळखतात.

सिगालोवाद सुत्तातल्या सहा दिशा वापरा: पूर्व आईवडील, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी आणि मुले, उत्तर मित्र, खालची दिशा हाताखाली काम करणारे, वरची श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेला कर्तव्ये दोन्ही बाजूंची आहेत. घरात हे सुत्त वाचले की नवरा पत्नीची कर्तव्ये वाचून दाखवतो आणि वडील मुलाची. एकच नियम ठेवा: फक्त आपली बाजू वाचायची. पतीच्या बाजूला पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, व्यभिचार न करणे, अधिकार तिच्या हाती देणे आणि अलंकार देणे असे आहे. पाचांतले चौथे पुन्हा वाचा.

एक दिशा निवडा. माझी सूचना खालच्या दिशेची, कारण ती सर्वांत जास्त विसरली जाते. हाताखालच्या माणसाला शक्तीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात काळजी, काही विशेष चांगले मिळाले तर त्यात वाटा, आणि वेळेवर सुट्टी. घरी कामाला येणाऱ्या बाईंपासून सुरुवात करा आणि या पाचांतले आज काय चुकते ते वहीत लिहा.

पैशांसाठी त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. आजच्या नोकरदाराला हे प्रमाण जसेच्या तसे बसणार नाही. पण चौथा भाग शून्यावर आला असेल तर विहारात मोठे आकडे जाहीर करण्यापूर्वी तो भरा.

## उपोसथाला आढावा

उपोसथ म्हणजे महिन्यातले व्रताचे दिवस: पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टम्या. या दिवशी अष्टशील (आठ शीले) घेणार असाल तर तिसरे शील बदलते हे लक्षात ठेवा: पंचशीलात कामविषयक गैरवर्तनापासून दूर राहणे असते, अष्टशीलात पूर्ण ब्रह्मचर्य. जोडीदाराला आधी सांगा. दुपारनंतर न जेवण्याचे शील मधुमेह किंवा औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

संध्याकाळी वही उघडा. या पंधरवड्यात निवडलेली कृती किती वेळा झाली, किती वेळा मध्येच थांबता आली, आणि कोणत्या ठिकाणी नेहमी घसरते, एवढेच पाहा. सलग दोन आढाव्यांत एकच घसरण दिसली तर टप्पा बदलू नका आणि निश्चयही मोठा करू नका. कृती लहान करा. 'आवाज चढवणे' सुटत नसेल तर 'सतरंज्या उचलताना आवाज चढवणे' एवढेच घ्या, आणि पुढच्या अष्टमीपर्यंत तेवढेच तपासा.